पप्पांनी उचलून नेलं होतं, तो बाप्तिस्मा खोटा का?

वाचक भगिनीचं पत्र थोडं आटोपशीर करून देते.

“मावशी, सलाम. माझं वय ३१. माहेर नाना पेठेत, सासर पिंपरीला. मी दोन महिन्यांची असताना आमच्या सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) चर्चमध्ये माझा बाप्तिस्मा झाला. पप्पांनीच मला उचलून पाळकसाहेबांच्या हातात दिलं होतं. पंधराव्या वर्षी दृढीकरण झालं, म्हणजे तो विश्वास मी माझ्या तोंडाने कबूल केला. माझा नवरा दोन वर्षांपासून एका नव्या मंडळीत जातो. तिथले पास्टर म्हणतात, तान्हेपणी डोक्यावर पाणी घातलं तो बाप्तिस्माच नाही. विश्वास धरून, पाण्यात बुडून घेतला तोच खरा, आणि तोवर मला प्रभुभोजन नाही. आम्हाला चार महिन्यांची मुलगी आहे. नवरा म्हणतो, तिचं फक्त समर्पण करू, म्हणजे पाण्याशिवाय नुसती प्रार्थना करून तिला देवाच्या हाती सोपवू. आई म्हणते, तो ड्युटीवर असताना गुपचूप बाप्तिस्मा उरकून घे, लेकराचं काही बरंवाईट झालं तर?

आणि माझे पप्पा. ते हिंदू घरातले. लग्नानंतर रोज शास्त्र वाचायचे, येशूलाच प्रभू म्हणायचे. पण आजीला शब्द दिला होता, तू आहेस तोवर बाप्तिस्मा घेणार नाही. आजी आज ८८ वर्षांची आहे. पप्पा गेल्या वर्षी गेले. ते पीएमटीत कंडक्टर होते. सुट्टीच्या दिवशी दवाखान्याच्या गेटवर पेशंटच्या नातेवाइकांना चपाती-भाजी द्यायचे, कितीतरी वर्षं. त्यांना वैकुंठ स्मशानभूमीत नेलं. आई म्हणते, मेल्यावरही आमची जागा वेगळी. पास्टर म्हणाले, सत्कृत्यांनी तारण होत नाही आणि बाप्तिस्माही नव्हता, तेव्हा त्यांच्याबद्दल आशा धरू नकोस. तेव्हापासून मला झोप नाही. मी बुडवून बाप्तिस्मा घेऊ का? मुलीचं काय करू? आणि पप्पा कुठे आहेत?”

लेकी, सलाम.

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे दोन त्याच्याच पोटात आहेत. पप्पांची भीती मनात बसली नसती, तर बुडवून घेऊ का असं तू मला विचारलंही नसतंस.

पास्टरांचं ते वाक्य पुन्हा वाच. माणसाच्या कृत्यांनी तारण होत नाही, हा त्याचा एक अर्धा भाग. बाप्तिस्मा घेतला नाही म्हणून आशा नाही, हा दुसरा. आता मला सांग, पाण्यात उतरणं हे कुणाचं कृत्य? माणसाचं असेल, तर पहिल्या अर्ध्याने दुसरा खोडला. देवाचं असेल, तर तान्ह्या लेकरावर ते करायला देवाला कसली अडचण होती? हे विचारायला धीर लागतो, पण तू विचार. शांतपणे, नवऱ्याला शेजारी बसवून विचार.

त्या पास्टरांना एकट्याला दोष देत नाही मी. ही गाठ पाचशे वर्षांची आहे. प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणारा जर्मन सुधारक मार्टिन ल्यूथर ‘तारण केवळ विश्वासाने’ म्हणून उभा राहिला, तोच बाप्तिस्म्याबद्दल म्हणाला की हे आपलं काम नाहीच, देवाचं आहे. म्हणून त्याने बाळांचा बाप्तिस्मा चालू ठेवला. बाप्टिस्ट मंडळ्या म्हणतात, बाप्तिस्मा ही आज्ञा आहे, आतल्या विश्वासाची बाहेरची साक्ष आहे, तारण त्या पाण्यात नाही. म्हणजे त्यांच्या शिकवणीप्रमाणेसुद्धा निव्वळ पाणी चुकलं म्हणून तुझे पप्पा नाशाला गेले असं म्हणता येत नाही. आणखी काही मंडळ्या म्हणतात, पापांची क्षमा मिळते ती बाप्तिस्म्याच्या क्षणी. त्यांच्याकडेही वचन आहे. प्रेषितांची कृत्ये २:३८ मध्ये पेत्र पश्चात्ताप, बाप्तिस्मा आणि पापांची क्षमा एका दमात सांगतो. पहिल्या पत्रात तोच पेत्र म्हणतो की बाप्तिस्मा आता तुम्हाला तारतो, आणि त्याच ओळीत पुढे सांगतो की अंगाचा मळ धुणं म्हणजे बाप्तिस्मा नव्हे, शुद्ध विवेकाने देवाकडे वळणं आहे ते. तुझे पास्टर यातल्या कुठल्या बाजूचे, हे त्यांनी स्पष्ट सांगायला हवं. एकीकडचं अर्धं आणि दुसरीकडचं अर्धं जोडून एका लेकीच्या उरावर ठेवणं योग्य नाही.

आता पप्पा.

सन ३९२ मध्ये व्हॅलेंटिनियन नावाचा तरुण रोमी सम्राट मेला. बाप्तिस्म्याची शिकवण घेत होता, बाप्तिस्मा हवा म्हणत होता, तेवढ्यात गेला. त्याच्या बहिणी अगदी तुझ्यासारख्याच रडत होत्या, की आमचा भाऊ पाण्यावाचून गेला. मिलानचा बिशप अँब्रोज त्याच्या अंत्यविधीला बोलायला उभा राहिला आणि त्याने त्यांना सांगितलं की त्याने मागितलं होतं, आणि मागितलं म्हणून त्याला मिळालं. हा अँब्रोज बाप्तिस्मा हलका मानणारा माणूस नव्हता. पुढे मोठा धर्मज्ञ झालेल्या ऑगस्टीनला ३८७ साली बाप्तिस्मा देणारा तोच. पुढे कॅथलिक शिकवणीत याला ‘इच्छेचा बाप्तिस्मा’ असं नावच पडलं. ज्या मंडळीने बाप्तिस्मा सगळ्यात घट्ट धरून ठेवला, तिनेच हे दार उघडं ठेवलं, एवढं ध्यानात ठेव.

कर्नेल्य या रोमी शताधिपतीची गोष्ट तुला पाठ असेल. कृत्ये, अध्याय १०. पेत्र अजून बोलतोय आणि पवित्र आत्मा त्या घरावर उतरला. पाणी नंतर आलं. येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या, त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्या चोराला तर पाणी मिळालंच नाही. यावर कुणी म्हणेल की चोर मेला तेव्हा बाप्तिस्म्याची आज्ञा अजून दिलेली नव्हती. म्हणू दे, तो मुद्दा चुकीचा नाही. पण कर्नेल्याला तो लागू होत नाही.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं घे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्याची किंमत घरादाराने मोजली. लक्ष्मीबाईंची किती वर्षं ताटातूट झाली, हे कुठल्या मराठी घराला माहीत नाही? बाप्तिस्म्याची किंमत त्यांच्याइतकी फार थोड्यांना ठाऊक असेल. आणि त्याच टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताचे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले शिष्य, दोघांनाही त्यात जागा होती. पुष्कळांना ते पटलं नाही, आजही पटत नाही. मला मात्र तुझं पत्र वाचताना पहिल्यांदा तेच आठवलं. तुझे पप्पा त्या दरबारात खुशाल बसले असते.

तरी खोटा दिलासा देणार नाही. ते कुठे आहेत हे देवाच्या जागी बसून मला सांगता येत नाही. पास्टरांनाही येत नाही, आणि मी हो किंवा नाही म्हणू शकत नाही तिथे ते ठाम ‘नाही’ म्हणून बसले, हे मला फार टोचलं. पण आशा धरू नकोस असं शास्त्र तुला कुठेही सांगत नाही. आशा धर. उघडपणे धर. त्यांच्या वर्षदिनाला पाळकसाहेबांना घरी बोलावून प्रार्थना ठेव, आणि त्यांचं नाव मोठ्याने घे.

त्या चपाती-भाजीबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. सत्कृत्यांनी तारण होत नाही, हे पौलाचं म्हणणं आहे आणि ते खरं आहे. इफिसकरांस पत्र, अध्याय दुसरा, आठवी-नववी ओळ: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, ते देवाचं दान. इथवर सगळे वाचतात. दहावी ओळ वाच. आपण सत्कृत्यांसाठीच निर्माण झालो, असं त्याच दमात लिहिलं आहे. आणि याकोब तर सरळ म्हणतो, माणूस नुसत्या विश्वासाने नव्हे तर कृत्यांनी नीतिमान ठरतो. ल्यूथरला याकोबाचं हे पत्र इतकं खुपलं की नव्या कराराच्या आपल्या जर्मन भाषांतराच्या १५२२ च्या प्रस्तावनेत त्याने त्याला गवताच्या काडीचं पत्र म्हटलं.

मी ३४ वर्षं परिचारिका होते, म्हणून माझ्या पद्धतीने सांगते. ज्याचं ब्लडप्रेशर चढलंय त्याचं मीठ आम्ही तोडतो, आणि जुलाबाने सुकलेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजतो. दोन्ही कागद शेजारी ठेवून कुणी म्हणेल, या डॉक्टरांचं आपसात जमत नाही. पौलासमोर कोण होतं? आधी सुंता करा, नियमशास्त्र पाळा, मग ख्रिस्ताचे व्हा, असं यहुदी नसलेल्यांना सांगणारे लोक. याकोबासमोर कोण होतं? मंडळीत सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढची जागा देणारे आणि उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो’ म्हणून रिकाम्या हाती पाठवणारे. दोघांनीही साक्षीला अब्राहामच बोलावला. पौल त्याच्या विश्वासाकडे बोट दाखवतो, त्या वेळी इसहाकाचा जन्मही झाला नव्हता. याकोब दाखवतो तो त्यानंतर कित्येक वर्षांनी इसहाकाला वेदीवर ठेवणारा अब्राहाम. माणूस तोच आणि विश्वासही तोच, मधल्या वर्षांत त्याला फळ आलं होतं.

या वादाने ख्रिस्ती जग दुभंगलं. १५४७ च्या ट्रेंट परिषदेत कॅथलिकांनी प्रोटेस्टंट मत धिक्कारलं, प्रोटेस्टंटांनी शतकानुशतकं ‘कॅथलिक कर्मांनी स्वर्ग विकत घेतात’ म्हणून हिणवलं. आणि ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक आणि लुथरन प्रतिनिधींनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या की आपल्या कुठल्याही लायकीमुळे नव्हे, केवळ कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कृत्यांसाठी सिद्ध करतो. मेथडिस्ट २००६ मध्ये त्यात आले, नंतर अँग्लिकन आणि रिफॉर्म्ड मंडळ्याही आल्या. सगळे मतभेद मिटले असं नाही. पण तुझ्या घरात जे भांडण चालू आहे, त्याचा एवढा भाग मोठ्यांनी बसून सोडवलेला आहे, हे तुझ्या नवऱ्याला माहीत असायला हवं.

आईला एकदा विचार, पप्पा ते डबे नेताना काय म्हणायचे. यातून मला काही मिळेल, असं कधी म्हणाले का? माझी खात्री आहे, नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातले उजवीकडचे लोकही न्यायाच्या दिवशी चकित होतात: प्रभू, आम्ही तुला भुकेलेला कधी पाहिलं? त्यांनी हिशोबच ठेवला नव्हता.

आता मुलगी. गुपचूप करू नकोस. आईचा हा सल्ला मी पहिल्यांदा बाजूला काढते. बाळाच्या बाप्तिस्म्यात आईबाप उभे राहून कबुली देतात की याला विश्वासात वाढवू. ती कबुली नवऱ्याच्या पाठीमागे, त्याची ड्युटी बघून द्यायची? मग त्या लेकराच्या पहिल्याच संस्काराला लपवाछपवीचा डाग लागला.

आईची भीती मी जवळून पाहिली आहे. प्रसूती विभागात रात्रपाळीला एखादं लेकरू जगत नाही असं दिसलं की ख्रिस्ती आया मला हाक मारायच्या. तातडीच्या वेळी कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. वाटीत पाणी घ्यायचं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने डोक्यावर घालायचं. मी कितीतरी वेळा दिला. एकदा मी वाटी घेऊन पोचले तोवर लेकरू गेलं होतं. त्या मुलीने माझा हात धरून विचारलं, सिस्टर, आता ते कुठे जाईल? मला उत्तर आलं नाही. मी तिच्या कॉटवर बसून राहिले. बाप्तिस्मा न झालेल्या बाळांबद्दल ऑगस्टीन फार कठोर लिहून गेला, आणि पुढच्या शतकांत कॅथलिक धर्मज्ञांनी अशा बाळांसाठी ‘लिंबो’ म्हणून एक वेगळी जागा कल्पिली. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मज्ञ आयोगाने सांगितलं की ही बाळं तारली जातील अशी आशा धरायला गंभीर आधार आहेत. हा कागद त्या रात्री माझ्या हातात असायला हवा होता. तुझ्या आईला हे नीट समजावून सांग. तिच्या नातीच्या जिवाला पाण्याच्या तारखेचा धोका नाही.

मग बाप्तिस्मा द्यायचा की समर्पण? माझं मत लपवत नाही. मी बाळांचा बाप्तिस्मा मानते, माझ्या तिन्ही लेकरांचा झाला. लेकरू काही समजण्याआधी देवाने त्याला आपलं म्हणावं, याहून कृपेचं मोठं चित्र मला दिसत नाही. पण नव्या करारात तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्याचं एकही उघड उदाहरण नाही, हे तुझा नवरा म्हणत असेल तर तो खरं बोलतोय. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचं अख्खं घराणं बाप्तिस्मा घेतं, त्यात बाळं होती की नव्हती हे लिहिलेलं नाही. सन २०० च्या सुमाराला टर्टुलियन हा ख्रिस्ती लेखक लेकरांचा बाप्तिस्मा लांबवा असं सांगतो, म्हणजे तेव्हा तो दिला जात होता आणि त्यावर वादही होता. आणि विश्वासाने बाप्तिस्मा मागणाऱ्यांनी त्यासाठी रक्त सांडलं आहे. १५२७ मध्ये झुरिकला फेलिक्स मान्झ नावाच्या माणसाला याच मतासाठी नदीत बुडवून मारलं, आणि मारणारे प्रोटेस्टंटच होते. तुझ्या नवऱ्याचं मत पोरकट नाही. त्याला हे तुझ्या तोंडून ऐकू दे, मग तोही तुझं ऐकेल.

आपल्या सीएनआयमध्ये १९७० साली नागपूरला सहा मंडळ्या एक झाल्या. त्यात बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते आणि न देणारे बाप्टिस्टही होते. म्हणून आपल्या घटनेत दोन्ही वाटा ठेवल्या आहेत: बाळाचा बाप्तिस्मा आणि पुढे दृढीकरण, किंवा बाळाला आशीर्वाद आणि मोठेपणी त्याच्या स्वतःच्या कबुलीवर बाप्तिस्मा. नवरा आत्ता तयार नसेल तर दुसरी वाट धर, पण ती आपल्या चर्चमध्ये, तुझी आई पुढच्या बाकावर असताना. त्याला तिथे उभं राहायला अडचण येऊ नये.

राहिलं तुझं स्वतःचं. बुडवून की पाणी घालून, यावर फार वेळ घालवत नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुडवणं असाच आहे, आणि मरून पुरलं जाणं नि उठणं हे रोमकरांच्या सहाव्या अध्यायातलं चित्र बुडवण्यात जास्त उघड दिसतं, हे मी मान्य करते. पण ‘डिडाखे’ या अगदी सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती शिकवणीतच लिहिलं आहे की वाहतं पाणी बघा, नसेल तर दुसरं, तेवढंही नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्या तान्ह्या बाळांनाच तीनदा बुडवतात. म्हणजे पाणी किती आणि वय किती, हे दोन प्रश्न वेगळे आहेत.

खरा प्रश्न असा, की तान्हेपणी झालेलं ते काही नव्हतंच का? पंडिता रमाबाईंकडे बघ. पुण्यात वॉन्टेजच्या सिस्टर्सशी, म्हणजे तिथल्या अँग्लिकन जोगिणींशी ओळख झाली, आणि २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वॉन्टेजलाच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या लहानग्या मुलीचा, मनोरमेचाही त्याच वेळी झाला. रमाबाई तेव्हा पंचविशीच्या, शास्त्रं कोळून प्यायलेल्या, स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेणाऱ्या. आणि पुढे त्यांनीच लिहिलं की ख्रिस्ती धर्म मला सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षं लागली. म्हणजे मोठेपणी, समजून-उमजून घेतलेल्या बाप्तिस्म्यातही विश्वास मागाहून पिकतो. मग पाणी आधी आणि विश्वास नंतर, एवढ्यावरून तुझाच बाप्तिस्मा कसा रद्द होईल? त्या बाप्तिस्म्याला पंधराव्या वर्षी तू तुझ्या तोंडाने ‘होय’ म्हणालीस. ते ‘होय’ खरं होतं का, हे तूच जाणतेस.

खरं असेल, तर दुसरा बाप्तिस्मा घेऊ नकोस. प्रभुभोजनाच्या ताटासाठी नको, घरात शांतता म्हणून नको, आणि पप्पांच्या भीतीने तर मुळीच नको. ज्याला स्वतःला बाप्तिस्मा नव्हता त्या माणसाने आपल्या लेकीला उचलून पाण्यापाशी नेलं, हे माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. स्वतः वचनात अडकलेला होता तो, लेकीला अडकवलं नाही. ते काहीच नव्हतं असं जाहीरपणे म्हणायला तुझी जीभ रेटणार आहे का? उद्या शास्त्र वाचून, कुणाच्याही दडपणाशिवाय तुझं मन वेगळं सांगू लागलं तर मला पुन्हा लिही. तेव्हा मी तुला अडवणार नाही. तोवर नवऱ्याच्या मंडळीत त्याच्या शेजारी बस, भोजन पुढे जाऊ दे. आणि महिन्यातून एका रविवारी त्याला नाना पेठेत घेऊन ये.

शेवटी एक. तुझ्या पत्रात आजीबद्दल एवढंच आहे की ती ८८ वर्षांची आहे. तिचा मुलगा तिच्या आधी गेला. तिला दिलेला शब्द पाळत तो गेला, हे तिला ठाऊक असणार, आणि त्याबद्दल तिच्याशी कुणी बोललं असेल असं मला वाटत नाही. पुढच्या सुट्टीला पणतीला घेऊन तिच्याकडे जा. तो शब्द तिने कधी मागितला, का मागितला, आणि पप्पा तेव्हा काय म्हणाले, ते तिला सांगू दे.